दणकट इंजिनाची नाजूक बाजू

टोयोटाच्या हायलक्स पिकअपमधील '२२ आर' हे २,३६६ सीसीचे, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन १९८१ ते १९९५ या काळात बनले. बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचे हेड, अवघे आठ व्हॉल्व्ह; या साधेपणामुळेच ते दीर्घायुषी ठरले.

दुखणे आहे ते टायमिंग चेनचे. १९८०च्या दशकात दुपदरी चेनच्या जागी एकपदरी चेन आणि प्लॅस्टिकचे गाइड आले. कालांतराने गाइड तुटतात, सैल चेन पुढचे कव्हर घासते आणि त्याला भोक पडल्यास कूलंट ऑइलमध्ये मिसळून बेअरिंग निकामी होतात. त्यामुळे थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड ऐकू आल्यास चालढकल करू नये. चेन, टेन्शनर व गाइड एकत्रच बदलावेत. गाइड धातूच्या पाठीचे घेणे उत्तम.