ओपन-बॅक हेडफोनची निवड

ज्या हेडफोनच्या कानावरील पेल्याची बाहेरची बाजू बंद नसून जाळीची किंवा सच्छिद्र असते, त्याला ओपन-बॅक हेडफोन असे म्हणतात. मराठीत त्याला 'उघड्या पाठीचा हेडफोन' म्हणता येईल. संगीत ऐकणे आणि संगणकावरील खेळ खेळणे या दोन्ही कामांसाठी खिशाला परवडणारा एकच हेडफोन शोधणाऱ्यांपुढे या प्रकाराचे नाव हमखास येते. तो उपयोगी ठरेल की नाही, हे मात्र त्याच्या किमतीपेक्षा तो कोठे बसून वापरायचा आहे यावर अधिक अवलंबून असते.

रचना व ध्वनी

हेडफोनमधील ध्वनिपटल कंप पावते तेव्हा ते हवेला केवळ कानाच्या दिशेने ढकलत नाही, तर ध्वनी त्याच्या मागच्या बाजूसही निर्माण होतो. बंद हेडफोनमध्ये हा मागचा ध्वनी प्लॅस्टिकच्या पेल्यात अडकतो, आतील भिंतींवर आपटून परततो आणि मूळ स्वरात मिसळतो. तो शोषून घेण्यासाठी पेल्यात मऊ पदार्थ भरावे लागतात, आणि हे काम नीट साधणे उत्पादकाला सोपे नसते. जाळीतून तो ध्वनी बाहेर निघून गेला की ही अडचण बरीचशी मिटते. कमी किमतीत निर्मळ ध्वनी देणे उघड्या रचनेत तुलनेने सुकर होते ते यामुळेच.

अशा हेडफोनमधील ध्वनी डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता काहीसा मोकळा, भोवती पसरलेला वाटतो. शास्त्रीय गायनाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात गायकाच्या स्वरामागील तानपुऱ्याची जवारी वेगळी उमटते. याउलट अतिखर्जातील स्वर बहुधा फिके पडतात. ढोल-ताशाचा किंवा नृत्यसंगीताचा छातीत घुमणारा ठोका ज्याला हवा आहे, त्याला हा प्रकार पचनी पडणे कठीण. मूळच्या ऑस्ट्रियन एकेजी कंपनीच्या के-२४० सारखे काही हेडफोन 'सेमी-ओपन' म्हणजे अर्धखुले म्हणवले जातात. त्यांतूनही आवाज बाहेर झिरपतोच.

इतिहास

उघड्या रचनेचा हेडफोन प्रथम बाजारात आणला तो जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने. १९६८ साली आलेल्या तिच्या एचडी ४१४ या हेडफोनला पिवळ्या स्पंजाच्या गाद्या होत्या. कान घट्ट झाकून टाकणाऱ्या तत्कालीन जड हेडफोनपेक्षा तो हलका व मोकळा होता, आणि तो अतिशय खपला. अमेरिकेतील कॉस कंपनीचा १९८४ मधील पोर्टा प्रो हा घडी घालता येणारा हेडफोन मूळ रूप फारसे न बदलता आजही विकला जातो. स्वस्त उघड्या हेडफोनची चर्चा अजूनही त्याला वगळून होत नाही.

जागा व श्रवणसुरक्षा

जाळीतून आतला आवाज बाहेर जातो, तसाच बाहेरचा आत येतो. वसतिगृहाच्या खोलीत शेजारी कोणी अभ्यास करीत असेल, तर त्याला संपूर्ण गाणे बारीक आवाजात ऐकावे लागते. ही गैरसोय शेजाऱ्याची झाली. खुद्द श्रोत्याच्या वाट्याला येणारा धोका अधिक गंभीर आहे. वेगाने फिरणारा पंखा, रस्त्यावरील रहदारी, पलीकडच्या खोलीतील दूरदर्शन संच यांपैकी काहीच हा हेडफोन अडवीत नाही, आणि त्यावर मात करण्यासाठी हात नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ला १० आणि ८९ला अवघे ५. रोज दोन-तीन तास खेळणाऱ्या विद्यार्थ्याची आठवड्याची मुदत अशा रीतीने दोन दिवसांत संपू शकते. आतल्या कानातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्या घरात शांत कोपरा नाही, तेथे चांगला बंद हेडफोनच घ्यावा. मग उघड्या हेडफोनची कितीही स्तुती कानावर आलेली असो.

खेळांसाठी उपयोग

नेमबाजीच्या खेळात प्रतिस्पर्ध्याची पावले कोणत्या बाजूने येत आहेत, हे ओळखण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. त्यासाठी वेष्टनावर '७.१' असे छापलेला खास हेडफोन लागतो, ही समजूत बहुतांशी जाहिरातींनी रुजवलेली आहे. माणसाला कान दोनच आहेत. दिशेचा बोध दोन्ही कानांपर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीच्या वेळेतील, तीव्रतेतील व बाह्यकर्णामुळे पालटणाऱ्या छटांतील फरकांवरून होतो, आणि हे गणित सॉफ्टवेअर करू शकते. काउंटर-स्ट्राइक २ व व्हॅलोरंट या खेळांत तशी सोय आतच असून साधा स्टिरिओ हेडफोन तिला पुरतो. ती चालू असताना हेडफोनबरोबर आलेली दुसरी तशीच प्रक्रिया बंद ठेवावी, अन्यथा दिशांचा गोंधळ उडतो.

सोबत्यांशी बोलताना स्वतःचा आवाज स्वाभाविक ऐकू येतो, हा उघड्या रचनेचा आणखी एक लाभ होय. मात्र अशा बहुतेक हेडफोनना मायक्रोफोन नसतो. तो वेगळा घेण्याचा खर्च आरंभीच धरावा आणि तो तोंडाजवळ ठेवावा, म्हणजे जाळीतून झिरपणारा ध्वनी त्यात कमी शिरतो.

खरेदी

संरोध, म्हणजे इम्पीडन्स, ओहममध्ये मोजतात. फिलिप्सचा एसएचपी ९५०० किंवा ग्रॅडोचा एसआर ६० हे ३२ ओहमचे व पोर्टा प्रो हा ६० ओहमचा असल्याने ते मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर सहज वाजतात. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोची २५० ओहमची आवृत्ती मोबाइलवर अनेकदा क्षीण वाजते व तिच्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला हेडफोन असा महाग पडतो. केवळ संरोधावरूनही निर्णय करू नये. संवेदनशीलतेचा आकडाही पाहावा. मोबाइलला ३.५ मिलिमीटरची खाच नसल्यास यूएसबी-सी जोडणीचा छोटा अडॅप्टर लागतो.

पाच-सहा वर्षांच्या वापरात ध्वनिपटलाआधी बहुधा वायर तुटते किंवा गाद्या झडतात. दमट किनारपट्टीवर कृत्रिम चामड्याचे पापुद्रे निघतात व स्पंजाचा भुगा होतो. मखमली कापडाची गादी त्या मानाने टिकते. पोर्टा प्रोचे स्पंज अल्प किमतीत बदलता येतात. एसएचपी ९५०० ची वायर सुटी होते, पण गाद्या बदलणे जिकिरीचे असते. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी सुट्या गाद्या व वायर भारतात मिळतात का, याची चौकशी करावी.