पॅरिश चर्चची सुरक्षाव्यवस्था

इंग्लंडमधील चर्च ऑफ इंग्लंडचे पॅरिश चर्च, म्हणजे एका धर्मग्रामाचे प्रार्थनामंदिर, सुरक्षित राखण्याचा भार धर्मगुरूसह पॅरोकिअल चर्च कौन्सिल ही स्थानिक समिती आणि चर्चवॉर्डन हे मानद पदाधिकारी वाहतात. पाच किंवा अधिक कर्मचारी असणाऱ्या संस्थेला सुरक्षा धोरण लेखी ठेवावे लागते. बहुतेक चर्चमध्ये इतके पगारी नोकर नसले, तरी सारा कारभार स्वयंसेवकांच्या हाती असताना कोणी काय पाहायचे हे लिहून ठेवणेच हिताचे ठरते. वास्तूची दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी करण्याची पद्धत १९५५ च्या चर्च-कायद्याने घालून दिली, तर २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशाने आगीच्या जोखमीचे मूल्यमापन, म्हणजे आग कुठे लागू शकते आणि माणसे कशी बाहेर पडतील याचा विचार, बंधनकारक केला. नाताळच्या सुमारास होणाऱ्या क्रिस्टिंगल उपासनेत मुलांच्या हाती पेटती मेणबत्ती खोवलेले संत्रे असते, तेव्हा मोकळे केस बांधलेले असणे आणि पाण्याची बादली हाताशी असणे फार महत्त्वाचे असते.

सर्वांत कमी ओळखला जाणारा धोका मात्र मनोऱ्यात असतो. शेकडो किलो वजनाची घंटा वाजवण्यापूर्वी झोके देत तोंड वर करून उभी केली जाते, आणि ती तशीच सोडलेली असताना अजाणत्याने दोर ओढला तर तोल जाऊन फिरणारी घंटा त्याला दोरासकट वर खेचू शकते. म्हणून वादन संपल्यावर घंटा खाली उतरवून ठेवणे, ते शक्य नसल्यास दोर बांधून सूचना लावणे आणि घंटाघराला कुलूप घालणे आवश्यक मानले जाते.