करिंथचे शहाणे

ख्रिस्ती विचारात शहाणपणाचे दोन प्रकार मानतात: एक ऐहिक, दुसरे देवाकडून मिळणारे. हा भेद म्हणजे विद्या आणि अज्ञान यांतला भेद, असा समज चर्चच्या आत आणि बाहेरही आढळतो. बायबलमध्ये मात्र त्याला फारसा आधार नाही. निवासमंडप घडवणाऱ्या बसालेलाचे हस्तकौशल्य तिथे देवाच्या आत्म्याचे दान ठरते. दानीएल बाबेलच्या दरबारात खास्द्यांची विद्या शिकतो. मोशे न्यायनिवाड्याचे ओझे वाटून देण्याबाबत आपल्या मिद्यानी सासऱ्याचा सल्ला मानतो. येशूच्या एका दाखल्यात तर लबाड कारभाऱ्याच्या हुशारीचे कौतुक आहे, आणि भाष्यकारांची त्यावर अजूनही दमछाक होते. तेव्हा व्यवहारज्ञानाशी भांडण नाही. भांडण कशाशी आहे, ते प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्वांत स्पष्ट दिसते.

ग्रीसमधले हे शहर रोमनांनी इ.स.पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने ते वसाहत म्हणून पुन्हा वसवले. नव्या रहिवाशांत गुलामीतून सुटलेले पुष्कळ होते. चिंचोळ्या भूपट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक बंदर असल्याने व्यापार भरभराटीला आला. जुनी घराणी थोडी आणि नवा पैसा फार, अशा गावात मान मिळवावा लागतो, आणि मान मिळवण्याचा एक राजमार्ग म्हणजे वक्तृत्व. त्या काळच्या ग्रीक-रोमन शहरांत मानधन घेऊन भाषणकला शिकवणारे पंडित असत, त्यांचे शिष्य आपल्या गुरूची बाजू घेऊन दुसऱ्याच्या शिष्यांशी हमरीतुमरीवर येत.

पौल तिथे सुमारे दीड वर्ष राहिला. त्याच काळात त्याला अखयाचा सुभेदार गल्लियो याच्यापुढे उभे करण्यात आले. देल्फी इथे सापडलेल्या शिलालेखावरून गल्लियोचा कारभार इ.स. 51-52 च्या सुमाराचा ठरतो, त्यामुळे पौलाच्या चरित्रातली ही सर्वांत पक्की तारीख मानली जाते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू बनवून तो पोट भरी; करिंथकरांकडून मानधन घ्यायचे त्याने टाळले. हातांना घट्टे पडलेला गुरू तिथल्या बड्या मंडळींना थोडा अडचणीचाच वाटला असणार. मागाहून आलेला अपुल्लो आलेक्सांद्रियाचा, शास्त्रात निष्णात आणि बोलण्यात पटाईत. मग कोणी स्वतःला पौलाचा म्हणवू लागले, कोणी अपुल्लोचा, कोणी केफाचा म्हणजे पेत्राचा, तर कोणी थेट ख्रिस्ताचा. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून ही बातमी तेव्हा इफिसला असलेल्या पौलापर्यंत पोचली आणि त्याने ते पत्र लिहिले.

या गटबाजीला उत्तर म्हणून पत्रात ख्रिस्ताच्या वधस्तंभाचा मुद्दा येतो. रोमन साम्राज्यात ती गुलामांना आणि बंडखोरांना देण्याची शिक्षा होती. सभ्य लोकांत तिचा उल्लेखही अप्रशस्त. अशा रीतीने मेलेल्या माणसाला प्रभू म्हणणे ग्रीकांना मूर्खपणाचे वाटे. पौल ते नाकारत नाही, उलट त्यावरच बोट ठेवतो: देवाने जर प्रतिष्ठेची उतरंडच उलटी केली असेल, तर गुरूच्या नावावर मोठेपणा मिरवणाऱ्यांना देवाचे शहाणपण कळलेलेच नाही. वक्तृत्वाला कमी लेखणारे हे पत्र स्वतः उत्तम वक्तृत्वाचा नमुना आहे, ही गंमत वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

तत्त्व एवढ्यावर सोडून न देता पौल थेट भांडणांत शिरतो. मंडळीतले लोक एकमेकांवर फिर्यादी लावत होते. स्वतःला शहाणे म्हणवणाऱ्यांत दोघा भावांचा तंटा मिटवू शकेल असा एकही नाही का, असे तो खोचकपणे विचारतो. मूर्तींपुढे ठेवलेल्या मांसाबाबत मूर्ती काहीच नाही हे जाणणाऱ्यांचा युक्तिवाद त्याला मान्य आहे; पण त्यांच्या खाण्याने दुसऱ्या दुबळ्या मनाच्या भावाचा विश्वास ढासळत असेल तर तो बरोबर युक्तिवादही बाजूला ठेवावा, असे त्याचे म्हणणे. फार कडक शब्द प्रभुभोजनासाठी, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत मंडळी एकत्र घेत असलेल्या जेवणासाठी आहेत. खातेपिते लोक आधीच जेवून घेत, काही जण नशेत असत, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रातला शहाणपणावरचा उतारा याच वळणाचा, फक्त अधिक रोखठोक. तिसऱ्या अध्यायाची सुरुवात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना दिलेल्या ताकिदीने होते, मग जिभेचा विषय, आणि त्यानंतर शहाणपणाचा. म्हणजे ऐहिक शहाणपणाचा इशारा बाहेरच्या जगापेक्षा मंडळीतल्या बोलक्या पुढाऱ्यांना आहे; उपदेशांत हा संदर्भ अनेकदा गळतो. याकोबाची कसोटी परिणामांची आहे. मत्सर आणि तट जिथे असतील तिथे अव्यवस्था येते. वरून येणारे शहाणपण शुद्ध, शांतताप्रिय, सौम्य, दुसऱ्याचे ऐकून घेणारे, दयाळू, पक्षपात न करणारे असते. आधीच्याच अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या सभेचे उदाहरण आहे; पक्षपात म्हणजे काय, ते तिथेच दिसते.

असे शहाणपण एकदा मिळाले की कायमचे राहते, असेही नाही. राजा शलमोनाने गिबोनात न्याय करता यावा म्हणून समंजस मन मागितले आणि त्याला ते मिळाले. पुढे परक्या राजघराण्यांशी त्याने जोडलेल्या सोयरिकी राजकारणाच्या दृष्टीने चतुर होत्या, पण राजांच्या पहिल्या पुस्तकात त्यांनाच त्याच्या ऱ्हासाचे कारण ठरवले आहे. त्याच्या पश्चात राज्य दुभंगले.

करिंथमध्ये पौलाच्या पत्राचा परिणाम किती झाला, याचा एक पुरावा उपलब्ध आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने तिथल्या मंडळीला एक लांबलचक पत्र पाठवले. ते क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. कारण होते, करिंथकरांनी मंडळीतल्या आपल्या काही ज्येष्ठ पुढाऱ्यांना पदावरून काढले होते. पौलाचे जुने पत्र पुन्हा हातात घ्या, असे त्यात त्यांना सांगितले आहे.