मातीची ओल, मातीची ऊब

मराठीत ‘वाफसा’ असा एक नेमका शब्द आहे. पाऊस उघडल्यावर जमिनीतले जादा पाणी निथळून जाते, पोकळ्यांत हवा शिरते, पण ओल टिकून असते. ती अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबून पाहायची. गोळा झाला आणि बोटाच्या टिचकीने फुटला, तर पेरायला हरकत नाही. प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या शेतकऱ्याने मातीचे पाणी असे मुठीत मोजले आहे.

पनवेल-पेण भागात भाताच्या कापणीनंतर पेरला जाणारा वाल याच मोजणीवर उभा आहे. त्याला पाटाचे पाणी नाही, विहिरीचे नाही. पावसाळ्याने मागे ठेवलेली ओल, एवढीच त्याची शिदोरी. थंडीत भांबुर्डीच्या पाल्यात, मडक्यात शेंगा भाजून आपण जी पोपटी चवीने खातो, तिची चव म्हणजे एका अर्थी जमिनीने जपून ठेवलेल्या पावसाचीच चव!

मुठीचा अंदाज अनुभवी हातालाच साधतो. शास्त्राला आकडा लागतो, आणि तो काढण्याची मूळ रीत अगदी घरगुती वाटावी अशी आहे. ओल्या मातीचे वजन करायचे, ती १०५ अंश सेल्सिअसला सुमारे चोवीस तास भट्टीत वाळवायची आणि पुन्हा वजन करायचे. दीडशे ग्रॅम माती वाळून एकशेवीस भरली, तर तीस ग्रॅम पाणी उडाले. कोरड्या मातीच्या मानाने ओल २५ टक्के. रीत खात्रीची, पण दर वेळी माती उकरावी लागते आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते. म्हणून जमिनीतच पुरून ठेवायची उपकरणे आली. त्यांतली काही मातीतून वीज किती सहज वाहते यावरून ओल सांगतात.

पनवेलच्या खाडीकाठी मात्र अशा उपकरणांची फसगत होते, कारण इथल्या मातीत मीठ आहे. खारे पाणी वीज सहज वाहून नेते, त्यामुळे जमीन असते त्याहून ओली भासते. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. खारटपणा सोसणाऱ्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ या भाताच्या जाती तिथल्याच. खार जमिनीत ओल आणि मीठ यांचे नाते मोठे विलक्षण असते. पावसाळ्यात गोडे पाणी मीठ धुऊन नेते, म्हणून भात पिकतो. पाऊस सरला की ऊन पृष्ठभाग तापवते आणि खालचे पाणी मातीच्या केसासारख्या बारीक वाटांनी वर चढते. मग पाणी उडून जाते आणि मीठ वर साचते. कापणी होताच नांगरट करायची किंवा पेंढा पसरायचा, तो या वाटा मोडण्यासाठी आणि उन्हाला अडवण्यासाठी.

म्हणजे ओलीचा हिशेब उन्हाच्या हिशेबावाचून पुरा होत नाही. या बाबतीत महाराष्ट्राचे नाव जगाच्या शास्त्रात आहे. भारतीय हवामान खात्याची कृषी-हवामान शाखा १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि एल. ए. रामदास यांनी तिथे जमिनीलगतच्या उष्णतेचा ध्यास घेतला. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून नसते, तर तिच्या थोडी वर असते, हे त्यांनी त्याच सुमारास दाखवले. काळ्या जमिनीवर खडूची पांढरी भुकटी पसरली की ती कमी तापते, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसले.

माती उष्णता किती वाहून नेते हे पाहायला एक बारीक सुई पुरते. तिच्या आत तापणारी तार आणि तापमापक असतो. सुई मातीत खुपसून थोडी वीज सोडायची. ती पटकन तापली तर माती उष्णता नेत नाही; सावकाश तापली तर नेते. कोरड्या मातीत कणांमध्ये हवा असते, आणि पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णता वाहते. शेजारी दुसरी सुई ठेवली, तर माती किती उष्णता साठवते तेही कळते, आणि त्यावरून ओल काढता येते. इथे मिठाचा फारसा अडथळा होत नाही.

ही सुई केवळ शेतीची नाही. जमिनीखालून जाणाऱ्या विजेच्या केबलभोवतीची माती सुकली, तर केबलची उष्णता कोंडते. त्यामुळे केबल टाकण्यापूर्वी अभियंतेही मातीला हाच प्रश्न विचारतात.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली, २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. या काळात भाताची कितीतरी खाचरे भरावाखाली गेली. भरावाच्या मुरुमाला खाचराच्या मातीसारखी ओल धरता येत नाही. मुरलेले पाणी, त्यावर पोसणारा वाल, तापत्या उन्हात मिळणारा गारवा, हे सारे त्या थरासोबत जाते. इमारतीचा चौरस फूट आपण काटेकोर मोजतो. त्याखालची माती किती पाणी आणि किती ऊन सांभाळत होती, तेही भराव पडण्याआधी मोजायला हवे. एकदा मुरूम पडला की मोजायला काही उरत नाही.