अभियांत्रिकी शोधलेखनात आकृती आणि मजकूर

प्रकल्प-अहवालांची भाषा तपासताना एक वाक्य वारंवार आढळते: 'आकृती २ मध्ये धरणाचा छेद दाखविला आहे.' वाचक आकृतीकडे जातो आणि रिकाम्या हाताने परततो. काय पाहावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आपल्या जोयडा तालुक्यात गणेशगुडी येथे काळी नदीवर सुपा धरण आहे. त्याची १०१ मीटर उंची एका वाक्यात सांगता येते. परंतु भिंत पायाशी किती रुंद, माथ्याशी किती अरुंद, उतार कोठे बदलतो, हे शब्दांत मांडू लागलो की तिसऱ्या आकड्याला वाचक गोंधळतो. तेथे आडवा छेदच हवा.

या दृष्टीने कोयना धरणाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात या १०३ मीटर उंच धरणाला तडे गेले. अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी १९७३ साली त्यावर शोधनिबंध लिहिला आणि पुढे कोयनेचा छेद जगभरच्या अभ्यासकांनी आपापल्या गणनपद्धती पडताळण्यासाठी वापरला. त्या छेदात पायापासून ६६.५ मीटरवर खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. रेषेतला हा मोड डोळ्यांना क्षणात दिसतो. पण तेथे ताण एकवटतो, तो काँक्रीटच्या ताणक्षमतेपलीकडे गेला आणि तडे त्याच पातळीच्या आसपास आढळले, हे रेषा सांगत नाही. ते काम वाक्याचे. म्हणून वाक्य असे हवे: 'आकृती २ मधील उताराचा मोड पाहावा, तडे याच पातळीलगत आढळले.'

उर्दू-मराठी शिकविणाऱ्याला आणखी एक अडचण जाणवते. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, भूकंपलेखातील काळ मात्र डावीकडून उजवीकडे. अक्षावर 'काळ, सेकंद' असे लिहून दिशा मजकुरात सांगण्यात कमीपणा नाही. छेदाबाबतही 'डावी बाजू' म्हणू नये, 'पाण्याकडील बाजू' म्हणावे. कोणी आकृती उलटी काढली तरी वाक्य खोटे ठरत नाही.

अहवाल तपासताना मी आधी आकृतीवर कोरा कागद ठेवून मजकूर वाचतो, मग मजकूर झाकून आकृती पाहतो. आकृती झाकूनही काहीच अडले नाही, तर ती काढून टाकावयास सांगतो. विद्यार्थी नाराज होतात. रंगीत छपाईला त्यांचे पैसे गेलेले असतात.