नागपूर परिसरातील शिळावर्तुळे : दफनविधींतून उलगडणारा समाज

प्राचीन दफनविधी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम इजिप्त येतो. नाईलच्या काठावरील पिरॅमिड, मसाले लावून जतन केलेली शवे, तूतनखामेनचा सुवर्णमुखवटा ही चित्रे शालेय पाठ्यपुस्तकांतून आपल्या मनावर ठसलेली असतात. हे कुतूहल योग्यच आहे. मात्र आपल्या नागपूर शहरापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर, काटोल मार्गावरील जुनापाणीच्या माळावर, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजाने आपल्या मृतांसाठी रचलेली शेकडो शिळावर्तुळे आजही उभी आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? परदेशातील थडग्यांची माहिती असावी आणि गावाशेजारचा इतिहास अनोळखी राहावा, ही स्थिती बदलावी या हेतूने हा लेखनप्रपंच.

दफने इतिहास कसा सांगतात?

ग्रंथ लिहिणारा वर्ग प्रत्येक काळात अत्यल्प होता आणि त्याने प्रामुख्याने स्वतःविषयीच लिहिले. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचा इतिहास शोधायचा तर त्यांची घरे, भांडी, अवजारे आणि दफने यांकडेच वळावे लागते. दफनात काय ठेवले, कोणाला किती दिले, कोणासाठी किती श्रम खर्ची पडले, यांवरून त्या समाजाची श्रद्धा तर कळतेच; त्याची उतरंडही कळते.

इजिप्तचेच उदाहरण घेऊ. मृत्यूनंतर शरीर टिकले तरच त्या व्यक्तीचे अस्तित्व टिकते, अशी तेथील धारणा होती. म्हणून नेट्रॉन नावाच्या क्षाराने शव सुकवीत, आतडी, यकृत आदी अवयव वेगळ्या पात्रांत ठेवीत आणि हृदय मात्र शरीरातच राहू देत. कारण परलोकी सत्याच्या पिसाशी त्याची तुला होणार, असे ते मानीत. १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांनी तूतनखामेनचे थडगे शोधले. थुटमोस दुसरा या राजाचे थडगे लक्सॉरच्या पश्चिमेस सापडल्याचे इजिप्त सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. या शोधांची जगभर वार्ता झाली. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला गिझा येथील १९९० चा शोध अधिक मोलाचा वाटतो. एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि तेथून पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची दफनभूमी उजेडात आली. त्यांच्या सांगाड्यांवर अवजड ओझ्याने झिजलेले मणके दिसतात, मोडून पुन्हा सांधलेली हाडे दिसतात. पिरॅमिडवर राजाचे नाव आहे; तो कोणाच्या पाठीवर उभा राहिला, हे या हाडांनी सांगितले.

महाराष्ट्रातील आरंभ

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन दफनांचा सर्वांत सविस्तर अभ्यास पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे झाला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. हे लोक आपल्या मृतांना राहत्या घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मुलांसाठी दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत. प्रौढांचे डोके उत्तरेकडे करीत आणि अनेकांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये, ही त्यामागील भावना असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या मोठ्या पात्रात एक पुरुष बसलेल्या स्थितीत आढळला. त्याची पावले शाबूत होती. तो वस्तीचा प्रमुख असावा. म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लहानशा शेतकरी गावातही सामान्यांना एक रीत आणि मान्यवरांना दुसरी रीत लागू होती.

विदर्भातील शिळावर्तुळे

यानंतर विदर्भात लोहयुगीन महापाषाण संस्कृती भरास आली. तिचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. पहिल्या सहस्रकाचा पूर्वार्ध व मध्य असा मानला जातो. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, बोरगाव, रायपूर ही तिची नागपूर जिल्ह्यातील ठळक स्थळे. एकट्या जुनापाणी येथे सुमारे तीनशे वर्तुळे नोंदली गेली आहेत.

वर्तुळाची रचना समजून घेतली तर माळरानावर ते ओळखणे कठीण जात नाही. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून प्रथम कडे तयार करीत. त्याच्या आत अस्थी आणि त्यांसोबतच्या वस्तू ठेवीत. त्यावर चिकट काळी माती व दगडगोट्यांचा भराव घालीत, त्यामुळे मधला भाग किंचित फुगीर होई. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले लहान वाटीसारखे खळगे आढळतात. शव संपूर्ण पुरण्याऐवजी निवडक अस्थीच पुरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अर्थात मृत्यू आणि वर्तुळाची उभारणी यांत बराच कालावधी जात असावा.

या वर्तुळांकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांचे लक्ष गेले. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणी येथे खोदकाम केले आणि युरोपातील प्राचीन दफनटेकाडांशी त्यांचे साम्य दाखवले. शास्त्रशुद्ध उत्खनन मात्र स्वातंत्र्यानंतर झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे, तर नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि पुढे माहुरझरी येथे उत्खनन केले. नायकुंडच्या उत्खननात डॉ. देव यांच्यासोबत डॉ. अ. प्र. जामखेडकर होते. माहुरझरी येथे या शतकाच्या आरंभी डेक्कन कॉलेजने पुन्हा काम केले. अलीकडे, २०२३-२४ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने लोहयुगीन वस्तीचा शोध घेतला.

या दफनांतून लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, तांब्याची भांडी व घंटा, सोन्याचे अलंकार, तांबूस अकीकाचे मणी आणि काळ्या-तांबड्या रंगाची मृद्भांडी मिळाली. सर्वांत लक्षवेधी ठरले ते घोडे. खापा व माहुरझरी येथे माणसाच्या अस्थींसोबत घोड्याचे अवशेष, लगामाच्या लोखंडी कड्या आणि घोड्याच्या मुखावरील तांब्याच्या पत्र्याचे अलंकार सापडले. स्वाराच्या दफनाच्या वेळी त्याचा घोडाही मारला जाई, असे अभ्यासक मानतात.

हे लोखंड येथेच तयार होत होते. पेंच नदीच्या परिसरातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची मातीची भट्टी, हवा फुंकण्याच्या नळ्या आणि लोहमळी मिळाली आहे. वस्तीच्या थरांत भात, वाटाणा, मसूर यांचे जळालेले दाणे आढळले. खनिज ओळखणे, भट्टीचे तापमान राखणे, मणी घासून त्याला आरपार छिद्र पाडणे ही कौशल्ये ज्यांच्या हातांत होती, ते येथील श्रमिक कारागीर होते. त्यांनी एकही ग्रंथ मागे ठेवला नाही. त्यांची विद्या वस्तूंत उरली आहे.

येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या प्रत्येकाला असे वर्तुळ लाभले काय? वर्तुळांची संख्या पाहता ते काही जणांच्याच वाट्याला आले, हे उघड आहे. धोंडे वाहून आणणारे अनेक आणि त्या धोंड्यांच्या आत विसावणारे थोडे, हा हिशेब गिझापासून जुनापाणीपर्यंत सारखाच दिसतो.

स्तूप : अर्थ बदलला

माती-दगडांचा गोल उंचवटा रचून अस्थी जतन करण्याची रीत भारतात बुद्धपूर्व काळापासून होती. बौद्ध परंपरेने हा आकार स्वीकारला आणि त्याचा अर्थ पालटून टाकला. महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांच्या अस्थींचे आठ भाग झाले आणि त्यांवर स्तूप उभारले गेले. स्तूप चार रस्ते मिळतात तेथे असावा, असे तेथे सांगितले आहे. इजिप्तचे थडगे कोणी आत शिरू नये म्हणून बंद केले जाई. स्तूप येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडावा म्हणून उघड्यावर उभा राहिला. भिक्षूंनी मात्र अस्थिपूजेत गुंतून न पडता साधनेत मग्न राहावे, असा उपदेश बुद्धांनी आनंदांना केला होता, हेही विसरता कामा नये.

१८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपारा येथील स्तूप उकलला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे मानलेले तेरा लहान तुकडे होते. सोन्याच्या आत काय जपले, तर मातीच्या भांड्याचे तुकडे! भाजे येथे थेरांच्या स्मृत्यर्थ कोरलेल्या चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर थेरांची नावे आहेत.

आपल्या विदर्भात भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठचे पवनी हे याचे श्रेष्ठ उदाहरण. डॉ. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९६९-७० मध्ये तेथे उत्खनन झाले. जगन्नाथ टेकडीखाली दडलेला स्तूप व्यासाने सांचीच्या मुख्य स्तूपापेक्षा कमी नव्हता. तेथील शिल्पांत मुचलिंद नागाचे नावासह अंकन आहे आणि दगडांवर सामान्य दात्यांचे दानलेख आहेत. एका लेखात तर सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची कामना आहे. माहुरझरीत संपत्ती मृतासोबत जमिनीत गेली. पवनीत ती सर्वांच्या उपयोगाच्या वास्तूत गेली आणि देणाऱ्या साध्या माणसाचे नाव दगडावर राहिले. आपल्या भूमीतील दफनपरंपरेत घडलेले हे मोठे नैतिक परिवर्तन होय.

मृत्यू आणि माणुसकी

मृत्यूसमोर सारे समान, असे म्हटले जाते. आपल्या गावगाड्याने ते कधी मानले नाही. मृत्यूची वार्ता परगावी पोहोचवणे, सरणासाठी लाकडे वाहणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे जन्माने महारांच्या माथी मारली गेली आणि त्याच कामांवरून त्यांना अस्पृश्य ठरवले गेले. स्मशानेही जातवार वेगळी राहिली. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढणे व मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानाचा त्याग आहे. त्यामुळे मृत्यूच्या नावाने चालणारी मध्यस्थी आपल्यापुरती संपली. आज आपल्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील होते आणि दिवंगताच्या स्मृतीप्रीत्यर्थ वसतिगृहाला, ग्रंथालयाला दान दिले जाते. पवनीच्या दात्यांशी आपले नाते येथे जुळते.

दीक्षाभूमीवरील स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. प्राचीन स्तूप भरीव असत. हा आतून पोकळ आहे आणि हजारो माणसे त्याच्या आत एकत्र बसू शकतात. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्त्रे, टंकलेखनयंत्र आदी वस्तू जतन केल्या आहेत. प्राचीन राजांच्या वस्तू त्यांच्यासोबत पुरल्या गेल्या; आपल्या मुक्तिदात्याच्या वस्तू पुढील पिढ्यांना पाहता याव्यात म्हणून ठेवल्या गेल्या.

आपले कर्तव्य

बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले, हे सांगताना नाग लोकांच्या धम्मकार्याचा उल्लेख केला होता. म्हणून काही उत्साही मंडळी प्रत्येक शिळावर्तुळ नागांचेच, असे ठामपणे सांगतात. या वर्तुळांत कोणताही लेख नाही. तेव्हा पुराव्यापलीकडे जाऊन दावा करणे बाबासाहेबांच्या चिकित्सक वृत्तीला शोभणारे नाही. ही वर्तुळे आपल्या भूमीतील श्रमिकांनी रचली, एवढे निश्चित आहे आणि त्यांच्याविषयी आस्था वाटण्यास तेवढे पुरेसे आहे.

ही वास्तुसंपदा वेगाने नष्ट होत आहे. मुरुमाच्या खाणी, नांगरट, रस्ते व भूखंडांचे आराखडे यांच्यापुढे हे धोंडे केवळ अडथळा ठरतात. कायदा आपल्या बाजूने आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई असून त्यापुढील दोनशे मीटरमध्ये परवानगी आवश्यक असते. भूमीत पुरलेला मौल्यवान ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मात्र गावकऱ्यांना जाण असेल तरच कायदा जागा राहतो.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज तलाठी, अभियंते, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य अशा पदांवर आहेत. आपल्या कार्यक्षेत्रात दगडांचे वर्तुळ दिसले तर त्याचे छायाचित्र, गावाचे नाव व गट क्रमांक नोंदवून पुरातत्त्व विभागाला अवश्य कळवा. स्वतः खोदू नका, कारण वस्तू जागची हलली की तिचा अर्थ हरवतो. पालकांनी मुलांना अजब बंगल्यातील प्राचीन दालने दाखवावीत. शाळेची एखादी सहल काटोल मार्गाने जावी. सकाळी जुनापाणीची वर्तुळे आणि दुपारी चिचोलीचे शांतिवन असा दिवस मुलांना पुष्कळ काही शिकवील. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांचा इतिहास वाचायला शिकवणे हे आपल्या शाळांचे पहिले काम आहे. त्याचा एक मोठा धडा नागपूरच्या वेशीवर उघड्या माळावर मांडून ठेवलेला आहे. तो पुसला जाण्यापूर्वी वाचला पाहिजे.