साखऱ्याच्या मतदाराने लक्षात ठेवावे असे

सेनगाव तालुक्यातले साखरा हिंगोली विधानसभा मतदारसंघात येते. इथे 26 एप्रिल 2024 रोजी लोकसभेसाठी आणि 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेसाठी मतदान झाले.

नाव नोंदवताना : नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना 8. पूर्वी 1 जानेवारी ही वयाची पात्रता ठरवणारी एकच अर्हता तारीख होती. आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर यांचीही भर पडली आहे. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. गावातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) किंवा 1950 या क्रमांकावर चौकशी करावी.

घरून मत : वय 85 च्या पुढे किंवा अपंगत्व किमान 40 टक्के असल्यास नमुना 12-ड भरता येतो. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो. मग कर्मचारी मतपत्रिका घेऊन दारी येतात. आजी ओसरीवर बसून खूण करते, पत्रिका लिफाफ्यात बंद होते. हा पर्याय घेतला की केंद्रावर मत देता येत नाही.

केंद्रावर : बटण दाबल्यावर दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड ती चिठ्ठी सात सेकंद दिसते. चिन्ह नीट पाहावे.

ऊसतोडीला गेलेल्यांसाठी टपाली मतदानाची सोय नाही. निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये दूरस्थ मतदान यंत्र पक्षांपुढे मांडले, पण ते वापरात आले नाही. या मजुरांना मतासाठी आजही गावी परतावे लागते.